सीनेच्या नाक्यावरची घोंगडी

मित्रांनो, मी एक जुनी, काळी घोंगडी आहे. परक्या राज्यात लग्न करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. करायचंच झालं तर जावयाला घरी ठेवून जावं.

माझा जन्म धनगराच्या घरातला. मुंजाजींची बायको साखराबाई नवी सून होऊन आली, तेव्हा तिनं पहिल्यांदा काळ्या मेंढीची लोकर पिंजली आणि मेंढरांमागं चालता चालता टकळीवर सूत काढलं. सणगरानं मला मागावर विणलं आणि चिंचोक्याची खळ लावली. त्या खळीनं मी इतकी ताठ झाले की घडी घातली तर उलगडायची नाही, आणि उलगडली तर घडी व्हायची नाही. तरुणपणी सगळेच असे असतात.

मी पुष्कळ काम केलं. पावसात मी छप्पर होते, थंडीत भिंत होते. नुकती जन्मलेली कोकरं माझ्यात गुंडाळून रानातून घरी येत. साखराबाई आल्यागेल्याला मला दाखवून म्हणायची, "हिच्यातून पान्याचा थेंब खाली येत न्हाई." आपली स्तुती ऐकायला कुणाला आवडत नाही? मी जरा अधिकच काळी दिसायचे.

माझा खरा मान मात्र लग्नात. इतरांकडं अंतरपाट म्हणून उपरणं धरतात. मुंजाजींच्या घराण्यात घोंगडीच धरायची, तीही घरच्या मेंढीची. बिरोबा घोंगडीवर बसतो, म्हणून घोंगडी मध्ये नसेल तर देवाला ते लग्न दिसत नाही, अशी त्यांची पक्की समजूत. घरातल्या लेकीबाळींची लग्नं माझ्याच आडोशानं लागली. मंगलाष्टकं चालू असताना एकीकडं नवरी घाबरलेली, दुसरीकडं नवरा घाबरलेला, आणि मध्ये मी. दोघांची धडधड मला दोन्ही अंगांनी ऐकू यायची.

आता परक्या राज्याबद्दल सांगते. आमच्या गावापासून चालत गेलं की सीना नदी लागते. उन्हाळ्यात तिच्यात पाणी कमी आणि कायदा जास्त. अलीकडचा काठ इंग्रजांचा, पलीकडचा आष्टीचा मुलूख निजामाचा, म्हणजे मोगलाई. अलीकडं कचेऱ्या रविवारी बंद, पलीकडं शुक्रवारी. नाणं वेगळं, साल वेगळं. कावळे तेवढे दोन्हीकडचे सारखे होते.

आमची मेंढरं मात्र दर साल मोगलाईत चरायला जात. त्यासाठी मुंजाजींकडं चराईचा परवाना होता. तिथंच एका डोहावर सुग्रीवच्या एडक्यानं अंजनाची भाकरी फडक्यासकट खाल्ली. सुग्रीव हा मुंजाजींचा मुलगा, आणि अंजना ही पलीकडच्या काठावरच्या आप्पारावांची मुलगी. तीही मेंढरंच राखायची.

"तुझा एडका हाय का जावई?" ती म्हणाली. "कुनी न बोलावता जेवाय बसतोय!"

सुग्रीवनं आपली अर्धी भाकरी तिला दिली. त्यानंतर तो एडका रोज त्याच वेळी उपाशी राहू लागला. मी सुग्रीवच्या खांद्यावर होते, म्हणून मला माहीत आहे.

अंजनाचं आधी एकदा ठरलं होतं. पण मानमोडीच्या तापाच्या साथीत तो मुलगा गेला, आणि लोक तिला पांढऱ्या पायाची म्हणू लागले. तिच्या दारात कुणी सोयरीक घेऊन जाईना. सुग्रीव आईला म्हणाला, "आये, मेंढरांत काळं-पांढरं समदं चालतं. मग मानसातच कावून न्हाई?" साखराबाईनं थोडा विचार केला आणि नारळ फोडला.

लग्न जेठात ठरलं, गोरज मुहूर्तावर, म्हणजे दिवस मावळताना. त्या साली तो शेवटचा मुहूर्त होता. पुढं सिंहस्थ लागायचा होता आणि सिंहस्थात लग्नं होत नाहीत. आणखी एक अडचण होती. तिचं नाव बंकट.

आप्पारावांकडं रीत अशी की, हळद लागलेल्या पोरीला मांडवातून कोरी उठवायची नाही. नवरदेव वेळेत आला नाही तर सोयऱ्यांतला जो बिनलग्नाचा माणूस हाताशी असेल, त्याच्याशी तिचं लग्न लावून टाकायचं. बंकट असा माणूस होता. चाळिशी उलटलेला, ताडासारखा उंच. सोयऱ्यांतल्या प्रत्येक लग्नाला तो धुतलेलं धोतर नेसून, बाशिंग काखोटीला मारून येई आणि मांडवाच्या खांबाशी उभा राही. आजवर सगळे नवरदेव वेळेत आले होते. बंकट वाईट नव्हता. तो फक्त तयार होता.

लग्नाच्या दिवशी आमचं वऱ्हाड निघालं. सगळं घरच लग्नाला, मग मागं मेंढरं कोण राखणार? म्हणून मेंढरंही वऱ्हाडात. माणसांनी फेटे बांधले, उपरणी घेतली. उन्हाळा आणि त्यात लग्न, म्हणून बाकीच्या घोंगड्या घरी राहिल्या. मी एकटीच निघाले, तीही मानाची, साखराबाईच्या डोक्यावर.

नदीच्या पलीकडं मोगलाईचा नाका होता. वाटेवर एक आडवा बांबू, दिवस मावळायला आला की कुलूप लागणारा, आणि बांबूशेजारी नाकेदार सुंदरराव. सुंदरराव सज्जन होते. कायद्याबाहेर त्यांनी आयुष्यात शिंकसुद्धा दिली नसावी.

"परक्या मुलखातलं वऱ्हाड," ते म्हणाले. "तहसीलचा परवाना?"

मुंजाजींनी परवान्यासाठी धडपड केली नव्हती असं नाही. आधी ते इंग्रजी कचेरीत गेले, तर तो रविवार निघाला. सोमवारी पुन्हा गेले, तेव्हा शिपायानं सांगितलं की हे काम मोगलाईचं. मग हळदीच्या गडबडीत राहिलं. आता ते म्हणाले, आजच आष्टीच्या तहसिलीतून आणतो.

"आज जुम्मा हाय," सुंदरराव म्हणाले. "तहसील बंद."

"मग उंद्या?"

"उंद्या मिळंल."

"लग्न आज हाय, साहेब!"

"ते तुमी ठरविलं. सरकारला कुनी इचारलं न्हाई."

मुंजाजी मटकन खाली बसले. मग त्यांना कमरेचा चराईचा परवाना आठवला. सुंदररावांनी तो दोनदा वाचला आणि मान हलवली. "मेंढरं जाऊ शकतात. मेंढके जाऊ शकतात, काठी-घोंगडीसह. असं लिव्हलंय."

"आमी समदे मेंढकेच हाओत!" मुंजाजी उठून उभे राहिले.

"असाल. काठी दिसंना, घोंगडी दिसंना. फेटे दिसत्यात."

काठ्या बाभळीच्या तोडल्या. घोंगडी मात्र एकच होती, ती म्हणजे मी. मग असं ठरलं की एकानं मला पांघरून बांबूखालून पलीकडं जायचं, तिकडून मला बांबूवरून परत फेकायचं, की दुसऱ्यानं पांघरायचं. सुंदररावांनी कायदा आठवून पाहिला. पलीकडं गेल्यावर मेंढक्यानं घोंगडी जवळ ठेवावी असं कुठं लिहिलेलं नव्हतं.

आधी मेंढरं गेली. त्यांना कुणी काही विचारलं नाही. मित्रांनो, मेंढराच्या जन्माला येणं इतकं वाईट नाही.

मग माणसं. इथं आपली एक खोड सांगते. वऱ्हाडात मानपान असतो. आधी वडीलधारे, मग सोयरे, मग वाजंत्री, मग जावई, आणि नवरदेव सगळ्यांच्या मागं, आईच्या जवळ. सुग्रीवनं ऊन कुठवर आलंय ते पाहिलं आणि म्हणाला, "आबा, मला आधी जाऊ द्या की."

"लग्न तुजं हाय म्हून मान बी तुजाच झाला का बे?" मुंजाजी म्हणाले, मला पांघरून पहिले पलीकडं गेले आणि मला फेकलं.

मी दिवसभर हवेत होते. चुलते आले, मामे आले. सनईवाला सनईसकट माझ्यात शिरला. ढोलवाल्याला मी पुरेना, तर ढोल वेगळा आणि ढोलवाला वेगळा असे दोन खेपांत गेले. जेठाचं ऊन, आत घामाघूम माणूस, आणि बाहेरून मी. थंडीसाठी जन्मलेल्या जिवाचे असे हाल कुणी केले नसतील.

दुपार कलली तेव्हा सुंदररावांना शंका आली. "थांबा. ही घोंगडी सारखी आत येतीया. एकदा आली तर पांघरून. एवढ्यांदा आली तर यापार. नव्या लोकरी मालाला करोडगिरी पडती."

करोडगिरी म्हणजे जकात. त्यासाठी पुन्हा अर्ज, पुन्हा तहसील, पुन्हा उद्या. साखराबाई पुढं आली. तिनं मला दोन्ही हातांनी उलगडून सुंदररावांच्या तोंडापुढं धरलं.

"यापार? ह्या चिंधीचा? ही बघा भोकं. ही बघा उसवलेली किनार. पान्यात गाळनी हाय निस्ती. कुत्रं बी बसत न्हाई हिच्यावर!"

मित्रांनो, कुत्रं रोज बसायचं. आणि थेंबसुद्धा खाली येत नाही, असं हीच बाई वर्षानुवर्षं सांगत आली होती. बोलताना तिचा अंगठा माझ्या किनारीवरून हळूहळू फिरत होता, तो सुंदररावांना दिसला नाही. मला कळला. तरी लागायचं ते लागलंच.

"जुनी हाय," सुंदररावांनी मान्य केलं. "जाऊ द्या."

आता राहिले तिघंच. घरचे जावई बबनराव, साखराबाई आणि सुग्रीव. ऊन नदीच्या वाळूवर तांबडं झालं होतं.

बबनराव मघापासून रुसले होते, कारण वाजंत्री त्यांच्या आधी गेले. ते म्हणाले, "ढोल माज्याआधी जातो. ढोलाला जावई करा." साखराबाईनं हात जोडले. सुग्रीवनं पाय धरले. शेवटी मेव्हण्यानं आपल्या हातानं घोंगडी अंगावर घालावी, या अटीवर ते उठले. सुग्रीवनं मला त्यांच्या खांद्यावर घातलं. ते सावकाश, मानानं पलीकडं गेले, आणि मला पांघरूनच वाळूत खाली बसले.

"फेका की, दाजी!" सुग्रीव ओरडला.

"नवरीकडचं गूळपानी आल्याबगार मी उठनार न्हाई. जावाई हाय मी."

मुंजाजी धावले. चुलते धावले. त्यांनी मला ओढलं, बबनरावांनी घट्ट धरलं. इतक्या प्रेमानं मला आजवर कुणी धरलं नव्हतं, आणि इतकी नकोशी मी कधी झाले नव्हते. तेवढ्यात सुंदररावांनी सूर्याकडं पाहिलं, बांबू खाली ओढला आणि साखळीला कुलूप लावलं.

"नाका बंद."

सगळं वऱ्हाड मोगलाईत होतं. ढोल मोगलाईत होता, मेंढरं मोगलाईत होती, अंतरपाटही मोगलाईत होता. नवरदेव आणि त्याची आई तेवढी इंग्रजी हद्दीत राहिली, बांबूपासून एका पावलावर.

"एक पाऊल, साहेब!" सुग्रीव म्हणाला.

"पावलाचा मी वैरी न्हाई, लेकरा. पन बांबू एकदा खाली आला की माजं बी ऐकत न्हाई."

सुग्रीव वरच्या अंगानं नाका चुकवून जायला निघाला. साखराबाईनं त्याचा शेला पकडला. "चोरवाटेनं गेलास तर चराईचा परवाना जाईल, मेंढरं उपाशी मरत्याल. आन् तिला उंद्या पळवून नेलेली म्हनतील. आदीच काय कमी म्हनत्यात?" मग ती वाळूत बसली. तिनं डोक्यावरचा पदर तोंडात धरला, म्हणजे रडण्याचा आवाज परक्या राज्यात जाणार नाही.

मुंजाजी मांडवाकडं पळाले. मांडव काठावरच, हाकेच्या अंतरावर. तिथं काय झालं, ते मला पुढं बंकटनं सांगितलं. भटजी म्हणाले, घटका भरत आली. आप्पाराव खाली मान घालून बसले. मग चार वडीलधाऱ्यांनी खांबाकडं पाहिलं, आणि बंकटनं काखेतलं बाशिंग बांधलं. सबंध आयुष्यात त्याच्याकडं कुणी असं पाहिलं नव्हतं.

"पाटावर बस, पोरी," आप्पाराव म्हणाले.

अंजना उठली. हळदीनं माखलेली, हातात माळ घेऊन. "त्यानला येता येत न्हाई. मला बांबूपतुर जाता येतंय का न्हाई, तेवडं सांगा."

आपल्याच गावच्या नदीवर जायला परवाना लागत नाही, हे त्या दिवशी पहिल्यांदाच कुणाच्या तरी ध्यानात आलं होतं. ती चालू लागली. मागं भटजी, मागं आप्पाराव, मागं सगळा मांडव, आणि सगळ्यात मागं बाशिंग बांधलेला बंकट.

कुणीतरी बबनरावांना तांब्याभर गूळपाणी दिलं, तेव्हा ते उठले. भटजींनी मला उचललं आणि धरायला दोन माणसं शोधायला वेळ नव्हता म्हणून सरळ बांबूवर टाकलं. अर्धी मी मोगलाईत लोंबत होते, अर्धी इंग्रजीत. या अंगाला अंजना, त्या अंगाला सुग्रीव.

"सरकारी बांबूवर कपडे वाळत घालू नयेत," सुंदरराव पुटपुटले, पण मंगलाष्टकं सुरू झाली होती. सनई वाजत होती. दोघांची धडधड मला दोन्ही अंगांनी ऐकू येत होती, आणि मध्ये पहिल्यांदाच बांबू होता. शेवटचं 'सावधान' झालं. भटजींनी मला ओढायला हात घातला.

"थांबा!" सुंदरराव ओरडले. "नाका बंद हाय. हिकडं वडली तर इंग्रजीतला माल मोगलाईत आला. तिकडं वडली तर मोगलाईतला माल इंग्रजीत गेला. हात लावू नका!"

सनई मध्येच थांबली. सूर्याची कड नदीवर टेकली. अंतरपाट दूर होत नाही तोवर लग्न लागत नाही. भटजी म्हणाले, "हा बुडाला की मुहूर्त गेला. मग सिंहस्थ." मोगलाईत आप्पारावांनी बंकटकडं पाहिलं. इंग्रजीत सुग्रीवनं बांबूवर कपाळ टेकलं. मला त्याचे डोळे ओले लागले. माझ्या दुसऱ्या अंगाला अंजनाची बोटं रुतली होती. मी घोंगडी आहे, मला काही करता येत नाही. पण त्या वेळी मला वाटलं, आपल्याला आपणहून विरता आलं असतं तर बरं झालं असतं.

"फाडा तिला!" साखराबाई किंचाळली. "माज्या हातचं सूत हाय. फाडा म्हनते!"

"फाडली तर दोन नग व्हत्यात," सुंदरराव म्हणाले. "दोनीची वेगळी करोडगिरी."

मग गर्दीतून बंकट पुढं आला. बाशिंग नाकावर घसरलं होतं. "साहेब," तो म्हणाला, "आन् वर नेली तर?"

"वर?"

"हिकडं न्हाई, तिकडं न्हाई. सरळ वर."

सुंदररावांनी वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. आभाळात नाका नव्हता.

"वरचा अंमल माज्याकडं न्हाई," ते म्हणाले, आणि बांबूकडं पाठ करून उभे राहिले.

बंकटनं मला दोन्ही हातांत धरलं आणि सरळ डोक्यावर उचललं. त्याच्याइतका उंच माणूस त्या गर्दीत दुसरा नव्हता. अक्षता पडल्या. ढोल वाजला. अंजनानं बांबूवरून माळ घातली, सुग्रीवनं बांबूवरून माळ घातली. फुलांना जकात होती की नाही, हे सुंदररावांनी मागं वळून पाहिलं नाही. बंकट तसाच हात वर करून उभा होता. कुठल्याच बाजूला टेकवायचं नाही, म्हणून खाली घेता येत नव्हतं. त्याचे दंड थरथरत होते. बाशिंगाखालून जे वाहत होतं तो घाम होता की दुसरं काही, ते मी वरून पाहिलं. सांगणार नाही.

सकाळी बांबू उघडला. मोगलाईतून बाहेर जायला परवाना लागत नाही, असं कळलं. अंजना निघाली. साखराबाईनं बंकटला अजून मला धरलेलं पाहिलं. ती जवळ आली, माझ्या किनारीवर अंगठा फिरवला आणि मलाच म्हणाली, "ते मी कायद्याला बोलले. तुला न्हाई." मग बंकटला म्हणाली, "भाऊ, ठिव तुलाच. तुजी झाली ती."

तेव्हापासून मी बंकटच्या घरी आहे. तो मला फार मानतो. आणि मित्रांनो, तेच माझं दुखणं आहे. त्यानं माझी नीट घडी घातली, पेटीत ठेवली, पेटीला कुलूप लावलं. मानाची घोंगडी पांघरायची कशी, असं त्याला वाटतं. बंद पेटीत मला कसर लागली आहे. तिला यायला कुणाचा परवाना लागला नाही. ती रोज थोडी थोडी मला खाते, आणि ज्या सुतातून पाण्याचा थेंब येत नव्हता, त्यातून आता उजेड येऊ लागला आहे.

बंकटचं लग्न झालं का, हे मला विचारू नका. घरात दुसऱ्या कुणाचा आवाज येत नाही, एवढं सांगते. पौषात सीनेवरून वारा सुटतो तेव्हा तो पेटीशेजारीच पोतं पांघरून झोपतो. त्याचे दात वाजतात ते मला ऐकू येतं. तो पोत्यात कुडकुडतो, मी पेटीत.

मित्रांनो, वस्तू जपा म्हणून तुम्हाला सगळेच सांगतात. जपा, पण वापरून जपा. उन्हाला टाका, झटका, अंगावर घ्या, हवं तर कुत्र्याला बसू द्या. आणि कधी आष्टीकडं गेलात तर बंकटचं घर विचारा. कुणीही दाखवील. त्याला एवढंच सांगा, की मी चिंधी होण्याच्या आत पेटी उघड, आणि मला पांघर.